पिंज्यासाठी बांधलेलं सूत

चौदाव्या दिवशी सकाळी ससा ट्रंकेला धडकला.

मी भिंतीला टेकून चहा पीत होतो. टक्क असा आवाज झाला म्हणून बघितलं. पिंज्या दोन पावलं मागं सरला, कान पाठीला चिकटवून थांबला, परत पुढं निघाला आणि परत तिथंच धडकला. मग तो वळला, भिंतीला अंग घासत मोरीपर्यंत गेला आणि कोपऱ्यात तोंड घालून बसला.

"बघ," आक्का म्हणाली. "पिंजऱ्यात असतं तर आपटलं नसतं."

आक्का माझी थोरली बहीण. शालन गेली त्या दिवशी ती कुरुंदवाडहून आली ती अजून गेली नव्हती. शालन माझी बायको. सकाळी उठवायला गेलो तर उठली नाही, इतकंच झालं. साखरेचा आजार होता, पण साखरेनं माणूस असं झोपेत जातं हे मला माहीत नव्हतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात ती, मी आणि गेली तीन वर्षं हा ससा.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी इचलकरंजीत एका कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. सकाळी आठ ते रात्री आठ पाळी. चोवीस माग एकदम खडखडत असले तरी त्यातला कुठला चुकीचा वाजतोय ते मला दारातून कळायचं. हजारो उभ्या धाग्यांतला तुटलेला एक धागा मी लांबून दाखवायचो. मालक पाहुण्यांना घेऊन यायचा आणि मला ते करून दाखवायला सांगायचा. मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

घर म्हणजे कारखान्यामागच्या चाळीतली एक खोली आणि मागं एक पायरी उतरून स्वयंपाकघर. एवढ्याशा जागेत ससा पाळायची कल्पना शालनची. दिवाळीच्या आधी ती आठवडी बाजारातून मेथी आणायला गेली आणि पिशवीत ससा घेऊन आली. रंगीत पिल्लं विकणाऱ्या माणसाकडं हा एकटाच उरला होता. एक डोळा दुधासारखा पांढरा. दुसऱ्यात ढग. उजेड आणि सावली तेवढी कळायची.

"पाळायला आणलास की शिजवायला?" मी विचारलं होतं.

"तुम्हाला शिजवीन, त्याला नाही," ती म्हणाली. पिंजलेल्या कापसासारखा म्हणून तिनं त्याचं नाव पिंज्या ठेवलं.

मग तिनं त्याच्यासाठी सगळं घर हलवलं. लोखंडी कॉट भिंतीला होती ती खोलीच्या मधोमध आणली. डोक्याकडची बाजू स्वयंपाकघराच्या दाराला जवळ जवळ टेकली. मला रोज तिला वळसा घालून जावं लागायचं. मी म्हणायचो, हे काय एसटी स्टँडवरचं बाकडं आहे, मध्येच टाकायला? ती म्हणायची, भिंतीला लावली की पिंज्याला वाट सापडत नाही. कॉटखाली सुताची रिकामी लाकडी पेटी उलटी ठेवून मी तिला भोक पाडून दिलं, ते त्याचं घर. शहाबादी फरशीवर त्याचे पाय घसरतात म्हणून तिनं दारापासून ट्रंकेपर्यंत, तिथून कॉटखालून पायरी उतरून थेट माठापर्यंत तरटाच्या पट्ट्या अंथरल्या. कोपऱ्यांना चिंध्यांच्या गाद्या शिवून बांधल्या. कॉटच्या डोक्यापासून स्वयंपाकघराच्या भिंतीनं माठापर्यंत जाड पिळाचं सूत ताणून बांधलं. ते कशाला म्हणून विचारलं, तर त्याच्या पट्ट्या वाळत घालायला.

मलाही नियम घातले. कुठलीही वस्तू वीतभरही हलवायची नाही. चपला दाराच्या डाव्या हाताला, टाचा बाहेर, टोकं भिंतीला. हत्यारांची पिशवी ट्रंकेवरच. आणि घरात पाऊल टाकायच्या आधी तोंडानं "मी आलो" असं म्हणायचं. पिंज्याला दिसत नाही, अचानक कोणी आलं की त्याचं काळीज फुटतं, असं तिचं म्हणणं. पहिले आठ दिवस मी विसरलो. नंतर सवय झाली. एवढा जॉबर माणूस दारात उभा राहून सशाला हाक देतो म्हणून शेजारचे हसायचे.

एकदा मी ऑइलचा डबा पट्टीवर ठेवून अंघोळीला गेलो. शालन त्याला अडखळून पडली. नडगी फुटली, रक्त आलं. म्हणाली, पिंज्याला चुकवायला गेले. मी सशाला शिव्या दिल्या. ती हळद दाबत हसत होती.

तर तेरावं झालं. आमच्याकडं तेराव्याला शेज द्यायची रीत आहे. गेलेल्या माणसाचं अंथरूण, पांघरूण, छत्री, चपला, तांब्या असं दान द्यायचं, म्हणजे त्याला पुढच्या वाटेला उपयोगी पडतं. गुरुजींनी छत्री आणि तांब्या घेतला, कॉट काही नेली नाही. गरजू माणसाला द्या म्हणाले. आक्कानं ती मागच्या गल्लीतल्या तुळसाबाईला दिली. तुळसाबाई शालनबरोबर कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायची. शालनला बहीण मानायची, म्हणून मला दाजी म्हणायची. एकटी म्हातारी, जमिनीवर झोपून कंबर धरलेली. योग्य माणसाला गेली म्हणून मलाही ते पटलं.

दान गेल्यावर आक्कानं घर धुवायला काढलं. पट्ट्या जाळल्या. चिंध्यांच्या गाद्या काढून गाठोड्यात बांधल्या. सुताची पेटी व्हरांड्यात टाकली. ट्रंक समोरच्या भिंतीला लावली आणि फरशी फिनेलनं दोनदा पुसली. तिची चूक नव्हती. बारा दिवस माणसांची वर्दळ होती, घराला दुःखाचा वास येत होता, तो तिला घालवायचा होता. बारा दिवस पिंज्या स्वयंपाकघरात टोपलीखाली होता आणि तुळसाबाई त्याला हातानं भरवत होती. टोपली काढली आणि तो आपल्या घरात सुटला, तर घरच नव्हतं.

दुपारपर्यंत तो स्वयंपाकघरातल्या मोरीच्या कोपऱ्यातून हलला नाही. मेथी ठेवली, कोथिंबीर ठेवली, गाजर ठेवलं. तोंड लावलं नाही. कालपासून त्याच्या लेंड्याही दिसल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी त्याला कांड्यांच्या पाटीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. म्हणाली, काका, माझ्याकडं म्हशी येतात, ससा आज पहिलाच. पण तिनं मन लावून तपासलं. पोटाला कान लावला. मग मला समजेल असं सांगितलं. ससा घाबरला की खाणं सोडतो. खाणं सोडलं की त्याचं आतडं थांबतं, आणि थांबलेलं आतडं परत चालू होणं अवघड. तिनं एक इंजेक्शन दिलं. पाला वाटून सुईविना सिरिंजनं भरवायला सांगितलं. पण ते नुसतं ढकलणं झालं, म्हणाली. उद्या सकाळपर्यंत त्यानं आपणहून खाल्लं पाहिजे.

"नाही खाल्लं तर?"

तिनं हात धुतले. मग म्हणाली, "घरात काही बदललंय का?"

"बायको गेली माझी."

ती थांबली. मला वाटलं आता गप्प बसेल. पण तिनं विचारलं, "आणि आणखी काय बदललं?"

मला राग आला. आणखी काय बदलायचं राहतं? पण पाटी सायकलला बांधताना लक्षात आलं की तिनं बरोबर विचारलं. माग बिघडला की आम्हीही तेच विचारतो. काल चालत होता ना, मग कालपासून कुणी काय हलवलं?

घरी आलो आणि ट्रंक ओढून जुन्या जागी लावली. आक्का भाकरी थापत होती.

"काय चाललंय रे?"

"होतं तसं लावतोय."

"सशासाठी?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "महिपती, उद्या चारच्या गाडीनं आपण कुरुंदवाडला जायचं ठरलंय. ह्याला जावयाच्या मळ्यात पिंजऱ्यात ठेवू. आणखी दोन ससे हायत तिथं. हे घर आता तू काय लावत बसतोस?"

ते खरंच ठरलं होतं. आदल्या दिवशी मी हो म्हटलं होतं. त्या दिवसांत मला कुणी काहीही विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो.

मी कारखान्यात जाऊन तरट आणलं, पट्ट्या कापून अंथरल्या. पेटी व्हरांड्यातून आत आणली. पेटीची जागा शोधायला वेळ लागला नाही. कॉटच्या चार पायांनी फरशीवर गंजाचे चार गोल डाग पाडले होते. फिनेलनंही ते गेले नव्हते. मी त्या डागांच्या मध्ये पेटी ठेवली आणि पिंज्याला दारात सोडलं.

तो निघाला. पट्टी ओळखली. ट्रंकेला नाक लावलं, वळला. मला जरा बरं वाटलं. मग तो पहिल्या डागापर्यंत आला आणि थांबला. मान पुढं केली. तिथं कॉटचा पाय असायचा. त्याला गाल घासूनच तो नेहमी आत शिरायचा. त्यानं हवेत नाक फिरवलं, डावीकडं, उजवीकडं. पेटी त्याच्यापासून दोन हातांवर होती. तो मागं फिरला, पट्टी सोडून भिंतीला घासत परत मोरीत गेला.

मी चपला घातल्या.

"कुठं?" आक्कानं विचारलं.

"कॉट आणायला."

तिनं पिठाचे हात तसेच धरले. "दिलेली शेज?"

"हो."

"अरे, मेलेल्या माणसाची शेज दिलेली परत घरात आणतात व्हय? तिच्या वाटेवरची वस्तू तू काढून घेणार? कुणी केलंय असं आजवर?"

मी बाहेर पडलो. माझाही त्या रीतीवर विश्वास होता. रस्ताभर मी शालनला मनात म्हणत होतो की तुझ्याच सशासाठी नेतोय, रागावू नकोस.

तुळसाबाई दारात शेंगा फोडत होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि पाट पुढं सरकवला. मी बसलो नाही. कसं मागायचं ते कळेना. शेवटी सरळ सांगितलं. ससा खात नाही, उद्यापर्यंत नाही खाल्लं तर जाईल, त्याला कॉटचा पाय सापडत नाही. मी तुम्हाला दुसरी कॉट आणून देतो, पण ती मला द्या.

एखादी म्हणाली असती की दान परत मागायला लाज वाटत नाही का. ती म्हणाली, "न्या की दाजी. काल एक रात्र झोपले. सवय नव्हती, खाली पडीन म्हणून जागीच होते."

मग ती आत गेली आणि सुताचा एक गुंडा घेऊन आली. ओळखीचा पीळ होता.

"हेपण न्या. कॉटच्या दांडीला गुंडाळलेलं आलं. आक्काबाईंनी घाईत काढलं असणार, पण मी तोडलं न्हाई. गाठी हायत त्यात." ती माझ्याकडं बघत राहिली. "कुठं बांधायचं ते म्हाईत हाय न्हवं?"

"माठापर्यंत. सशाच्या पट्ट्या वाळत घालायला होतं ते."

"तसं म्हणली होती व्हय," तुळसाबाई म्हणाली आणि शेंगा फोडायला बसली.

मी कारखान्यातली कापडाचे तागे वाहायची हातगाडी आणली आणि दिवसाढवळ्या कॉट त्या गल्लीतून परत आणली. कालच ती ह्याच गल्लीतून गेलेली सगळ्यांनी बघितली होती. पानपट्टीवाला उठून उभा राहिला. मुंडासं बांधलेला एक म्हातारा म्हणाला, "महिपती, गाडी उलटी चाललीय काय?" मी मान खाली घालून ढकलत राहिलो. कॉटचा एक पाय दगडावर वाजत होता, टण टण.

आक्का दारात उभी होती. दोन्ही हात चौकटीला.

"आत येऊ द्यायची न्हाई मी," ती म्हणाली. "तुझ्या भल्यासाठी सांगते."

"आक्का, सर."

"लोक काय म्हणतील?"

"घर माझं आहे," मी म्हणालो. "तुझं नाही."

असं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती बाजूला झाली. चप्पल घालून बाहेर पायरीवर जाऊन बसली, पाठ घराकडं करून. ते मला अजून लागतं.

कॉटचे पाय चार डागांवर बसवले. मग गाठोडं सोडलं. आत चिंध्यांच्या पाच गाद्या होत्या. तीन वर्षं बांधलेल्या होत्या, त्यामुळं प्रत्येकीला तिच्या तिच्या कोपऱ्याची घडी पडली होती. दोन ट्रंकेच्या खालच्या कोपऱ्यांना बरोबर बसल्या. उरल्या तीन. त्या कुठल्या? तीन वर्षं त्याच घरात वावरून मला आठवेना. मी गुडघ्यावर बसून सशाच्या उंचीनं सगळं घर बघत फिरलो. पायरीची कड, पेटी, कॉटचे पाय, दाराची चौकट. कुठंच बसेनात.

कारखान्यात एखादा सुटा भाग हातात आला की तो कुठला ते त्याच्या झिजेवरून कळतं. मी उठून उभा राहिलो आणि घडी बघून जागा शोधायला लागलो. एक गादी बसली स्वयंपाकघराच्या कट्ट्याच्या कोपऱ्याला. माझ्या कमरेएवढा तो कट्टा. दुसरी बसली माठाच्या तिवईला, वरच्या फळीच्या कडेला. तिसरी लांब आणि चपटी होती. ती बसली मसाल्याच्या डब्यांच्या फळीखाली. ती फळी माझ्या हनुवटीला लागायची. शालन माझ्यापेक्षा बुटकी. तिच्या कपाळाला आली असती.

मी ती गादी हातात धरून उभा राहिलो. एवढ्या वर ससा कुठून आपटणार?

मग सूत बांधलं. कॉटच्या डोक्याच्या दांडीपासून दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला, तिथून भिंतीवरच्या तीन खिळ्यांवरून माठापर्यंत. खिळे जागेवरच होते. सूत ताणलं आणि त्यातल्या गाठी आपापल्या जागी आल्या. विणकराच्या घरातल्या मुलीनं मारलेल्या बारीक चपट्या गाठी. बघून दिसत नव्हत्या. मी डोळे मिटले आणि दारात गेलो.

डाव्या हाताला ट्रंक. ट्रंक संपते तिथं कॉटची दांडी हाताला आली. दांडी धरून पुढं गेलो, दांडी संपली तिथं सूत. चार बोटांवर एक गाठ. मी पाय पुढं टाकला, खाली पायरी होती. पुढं दोन गाठी. उजवा हात लांब केला, तर शेगडीचा खटका. आणखी पुढं तीन गाठी, माठ. माठापाशी तिची औषधाची बाटली असायची.

"काय करतोयस रे?" आक्काचा आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली होती.

मी डोळे उघडले नाहीत. "बघतोय," म्हणालो.

मला एकेक आठवायला लागलं. भातात खडे यायला लागले होते. मी बोलायचो, ती म्हणायची दुकानदार बदलला. कांड्या भरणं तिनं सोडलं ते पाठ दुखते म्हणून. लग्नाची पत्रिका आली की माझ्या हातात द्यायची, म्हणायची तुम्ही वाचा, तुम्ही छान वाचता. त्या साली श्रावणात तुळसाबाईबरोबर मिरजेला डोळे दाखवायला गेली होती. मला सुट्टी मिळाली नव्हती. आल्यावर विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, चष्म्याचं काही काम नाही. मी म्हणालो, बरं झालं, खर्च वाचला. आणि दिवाळीच्या आधी ससा आला.

मी पायरीवर बसलो. माझ्या पायाशी पिंज्या कधी आला ते कळलं नाही. तो मोरीतून निघून सुताखालच्या पट्टीनं आला होता. माझ्या पायाला नाक लावलं, पायरी चढला आणि कॉटच्या पायाशी थांबला. गाल घासला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग आत गेला. पेटीत खसफस झाली.

आक्का हळूच आत आली, कोथिंबिरीची एक काडी घेतली आणि कष्टानं गुडघे वाकवून पेटीच्या भोकाशी धरली. आतून काडी ओढली गेली. कुरकुर असा बारीक आवाज यायला लागला.

"खातंय," ती कुजबुजली.

तिनं दुसरी काडी घेतली. मग तिसरी. तिसरी देताना म्हणाली, "वयनीची पुढची वाट अडली असली तर मी घालते उपास. तू नको काळजी करू."

मी तिला काही सांगितलं नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

दिवस मावळताना मी परत तुळसाबाईकडं गेलो. तिनं माझं तोंड बघितलं आणि शेंगांची परात बाजूला ठेवली.

"किती दिसत होतं तिला?" मी विचारलं.

"शेवटाला? खिडकी कुठं हाय ते कळायचं. माणूस आलं की सावली कळायची, कोण ते न्हाई."

"मला का नाही सांगितलं?"

"मी लई म्हणले, सांग. ती म्हणली, ते मागावर असतात, चालत्या मागात हात घालून काम करतात. माझा विचार करत हात घातला तर हात जाईल." तुळसाबाईनं नाक पुसलं. "आणि दाजी, रागावू नका. ती हसायची पण. म्हणायची, तीस वर्षं सांगतेय चपला जागेवर ठेवा, ठेवल्या न्हाईत. सशासाठी आठ दिवसांत ठेवल्या."

मी घरी आलो. पिंज्यानं ताटलीतली मेथी संपवली होती. सकाळी पेटीपाशी लेंड्या पडल्या होत्या. मी त्या केरसुणीनं गोळा केल्या आणि आक्काला म्हणालो, मी येत नाही कुरुंदवाडला. ती हो म्हणाली. चारच्या गाडीनं एकटीच गेली. गाडीत बसल्यावर खिडकीतून तिनं एवढंच विचारलं, "ते सूत तसंच ठेवणार?"

"पट्ट्या वाळत घालायला लागतं," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात कारखान्यातली जुनी लोखंडी पट्टी आणि पाइप घेऊन मी तुळसाबाईला कॉट करून दिली. बुटकी केली, पडली तरी लागू नये अशी. ती त्यावर सहा वर्षं झोपली.

पिंज्या आणखी अडीच वर्षं जगला. दुसऱ्या डोळ्यातलाही उजेड गेला, पण घरात तो कुठं आपटला नाही. एका दुपारी पेटीतच गेला. मी त्याला कारखान्यामागच्या लिंबाखाली पुरलं आणि पट्ट्या धुऊन सुतावर वाळत घातल्या. त्या सुतावर पट्ट्या वाळत घालायची ती पहिलीच वेळ.

कॉट अजून मधोमध आहे. आता मी त्यावर झोपतो. बाहेरून आलो की कुलूप काढतो, चपला डाव्या हाताला ठेवतो, टाचा बाहेर, टोकं भिंतीला. आणि आत पाऊल टाकायच्या आधी दारात उभा राहून सांगतो, मी आलो.